मूल आपल्या लिंगओळखीविषयी बोलते तेव्हा : कुटुंबासाठी आणि सोबत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांच्या मुलाने नुकतेच ‘मी मुलगा नाही’, ‘मी मुलगी नाही’ किंवा ‘मला दोन्हींपैकी काहीच पुरते लागू पडत नाही’ असे सांगितले आहे, ते आईवडील. आणि अशा कुटुंबाला आधार द्यायला नव्याने पुढे आलेले शिक्षक, समुपदेशक, स्वयंसेवक किंवा नातेवाईक. दोघांचीही पहिली धडपड बहुधा सारखीच असते : मूल म्हणते ते ‘खरे’ आहे की नाही, याचा एकदाचा निकाल लावायचा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान याच घाईने होते. मुलाला स्वतःच्या घरात लपून राहावे लागू नये आणि पुढचे जे काही ठरेल ते त्याच्या वयाला, गतीला व सुरक्षिततेला धरून ठरावे, एवढेच कुटुंबाने पाहायचे असते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी थोडी समज

जन्मावेळी शरीर पाहून नोंदवलेले लिंग आणि माणसाला आतून जाणवणारी स्वतःची ओळख या दोन गोष्टी बहुतेकांच्या बाबतीत जुळतात, काहींच्या बाबतीत जुळत नाहीत. ज्यांची जुळत नाहीत त्यांना ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हटले जाते. काही जण स्वतःला स्त्री किंवा पुरुष या दोन्हींच्या बाहेर अथवा मध्ये कुठेतरी मानतात. पुढे आयुष्यात कोणाविषयी आकर्षण वाटेल हा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि जन्मतः शरीरातच दोन्ही लिंगांची काही वैशिष्ट्ये असणे हाही वेगळा विषय आहे. पहिल्या संभाषणात या तिन्हींची सरमिसळ होते आणि मूल न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत बसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये स्वीकारली गेली आणि 2022 पासून लागू झाली. तिच्यात ओळख आणि नोंदवलेले लिंग यांच्यातील ही विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. त्याच वर्गीकरणात असेही स्पष्ट म्हटले आहे की, केवळ वेगळे वागणे किंवा वेगळ्या आवडी एवढ्यावरून हे निदान करता येत नाही. मुलाला बाहुल्या आवडतात, किंवा मुलीला केस बारीक ठेवायचे असतात, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती आवड आहे, आणि तिला आवड म्हणूनच मोकळीक द्यावी.

पायरी पहिली : ऐकून घेणे

मूल हे सांगायला येते तेव्हा त्याने बहुधा बरेच दिवस मनात जुळवाजुळव केलेली असते आणि ऐकणाऱ्याला मात्र ते अचानक वाटते. वेळेतला हा फरक लक्षात ठेवला तर पुष्कळ चुका टळतात. त्या क्षणी तीनच वाक्ये पुरतात : ‘तू मला सांगितलेस हे बरे झाले’, ‘मला अजून सगळे कळलेले नाही, पण मला समजून घ्यायचे आहे’ आणि ‘आपल्यातले नाते यामुळे बदलणार नाही’. त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत. हे आणखी कोणाला माहीत आहे, आणि मी कोणाला सांगितलेले तुला चालेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असे आले तर ते पाळावे, मग घरातल्या दुसऱ्या पालकापासून काही काळ गोष्ट लपवावी लागली तरी. तिथे मुलाला विश्वासात घेऊन, ‘आपण दोघे मिळून केव्हा सांगू’ असे विचारणे हा मार्ग राहतो.

‘हे तुला कोणी शिकवले?’, ‘मोबाइलवर काय पाहतोस?’, ‘मोठे झाल्यावर जाईल हे’ ही वाक्ये काळजीपोटी येतात, पण मुलाला त्यांतून ‘तुझ्यावर विश्वास नाही’ एवढेच ऐकू येते. दुसऱ्या टोकाची चूकही होते. काही उत्साही पालक त्याच रात्री सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकतात, मुलाचे सगळे कपडे बदलून टाकतात, आणि मुलाने फक्त एक शंका बोलून दाखवलेली असते. मूल जेवढे सांगते तेवढेच धरावे. तोंडून चुकीचे काही निघून गेले असेल, तर दुसऱ्या दिवशी ‘काल मी गोंधळून बोललो, पुन्हा सांगशील का’ असे म्हणता येते, आणि मुले ते मनापासून स्वीकारतात.

पायरी दुसरी : पाहणे, पण परीक्षा न घेणे

साधारण दोन-तीन वर्षांची मुले स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतात, आणि ही गोष्ट कपड्यांनी किंवा खेळांनी बदलत नसते हे बहुतेकांना सहा-सात वर्षांपर्यंत उमगते. त्यामुळे लहान वयातले एखादे वाक्य फार ताणू नये. पण तेच वाक्य महिनोन् महिने, ठामपणे आणि त्रासासकट येत असेल तर ते गंभीरपणे घ्यावे. काही मुलांमध्ये लहानपणी काहीच दिसत नाही आणि वयात येताना, शरीर बदलू लागल्यावर, हे पहिल्यांदा बाहेर येते. ‘लहानपणी तर असे काहीच नव्हते’ हा पालकांचा आक्षेप म्हणून निर्णायक नसतो.

ओळख पडताळण्यापेक्षा त्रास कुठे होतो ते पाहिले तर मदत लगेच करता येते. शाळेतून पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते, हे अनेक घरांत दुर्लक्षिले जाते. मूल शाळेच्या स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, घरी आल्यावर दप्तर न काढता आधी न्हाणीघराकडे धावते, आणि मग केव्हातरी लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांकडे जावे लागते. भर उन्हाळ्यातही सैल, जाड कपडे अंगावरून न उतरवणे, पोक काढून चालणे, आरशासमोर उभे न राहणे, दिवा मालवून अंघोळ करणे, पोहण्याच्या किंवा खेळाच्या तासाला नेमके पोट दुखणे, ही त्याच जातीची चिन्हे आहेत. अर्थात यांतल्या प्रत्येकाला दुसरे कारण असू शकते. म्हणून निष्कर्ष काढू नये. ‘शाळेत पाणी प्यायला अडचण होते का?’ असा साधा प्रश्न विचारावा.

पायरी तिसरी : पालकांनी स्वतःचे ओझे दुसरीकडे ठेवणे

धक्का, भीती, अपराधी वाटणे, मनातल्या मुलाच्या भवितव्याचे चित्र पुसले गेल्याचे दुःख, हे सगळे पालकांना होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त ते मुलासमोर रिकामे करू नये. आई रडते आहे आणि बारा वर्षांचे मूल तिला ‘जाऊ दे, मी उगीच बोललो’ म्हणून समजावते आहे, असे झाले की ते मूल पुढे कित्येक महिने काहीच सांगत नाही. जोडीदार, एखादी जुनी मैत्रीण, स्वतःचा समुपदेशक किंवा अशाच मुलांच्या पालकांचा गट, यांपैकी कोणीतरी लागतेच. पालक-गटात जाऊन बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जे कळते ते दहा लेख वाचून कळत नाही, हा लेख धरून.

दोन्ही पालक एकाच वेगाने पुढे जात नाहीत. एकाला पटलेले असते, दुसरा गप्प असतो किंवा चिडलेला असतो. सोबत करणाऱ्याने इथे बाजू घेऊन मागे राहिलेल्याला एकटे पाडू नये. त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारावे. बऱ्याचदा ती लोकांच्या बोलण्याची किंवा मुलाला मारहाण होईल याची असते, आणि तिच्यावर काही करता येते. दोघांत एवढे मात्र आधीच ठरावे की मुलासमोर त्याच्या ओळखीवरून भांडायचे नाही आणि टोमणे मारायचे नाहीत. भावंडांनाही विसरू नये : त्यांना शाळेत प्रश्न विचारले जातात, घरात त्यांच्याकडे लक्ष कमी होते, आणि ती राग धरतात. त्यांना वयाला साजेसे खरे सांगावे, आणि गुपित सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्या वयापेक्षा जड होऊ देऊ नये.

पायरी चौथी : नाव, भाषा, कपडे

केस, कपडे, नाव आणि संबोधन या गोष्टी बदलून पाहता येतात आणि हव्या तेव्हा मागे घेता येतात. त्यांना वैद्यकीय परवानगी लागत नाही. सुरुवात घरातून, किंवा घराबाहेर न जाणाऱ्या एखाद्या वेळेपासून करावी, आणि मुलाला विचारून करावी.

मराठीत ही गोष्ट नावावर थांबत नाही, कारण क्रियापदच लिंग सांगते. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे मुलाला दिवसातून शंभरदा ठरवावे लागते, आणि काही मुले त्यामुळे कमी बोलू लागतात. मुलाने स्वतःसाठी जे रूप निवडले असेल तेच त्याच्याशी बोलताना वापरावे. अजून ठरलेले नसेल तर वाक्य असे वळवता येते की लिंग येणारच नाही : ‘जेवलास का’ किंवा ‘जेवलीस का’ ऐवजी ‘जेवण झाले का’, ‘कुठे गेला होतास’ ऐवजी ‘कुठे जाणे झाले’. सुरुवातीला हे अवघड वाटते आणि जीभ जुन्या सवयीने घसरते. घसरली की चटकन दुरुस्त करून पुढे बोलावे. लांबलचक माफी मागितली की मुलालाच पालकांची समजूत काढावी लागते.

या छोट्या वाटणाऱ्या गोष्टीचे वजन किती आहे, यावर अमेरिकेतील 129 तरुणांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी त्यांचे निवडलेले नाव वापरले जात होते, तितके नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, लहानपणीच नाव आणि वेश बदलून राहू लागलेल्या 317 मुलांपैकी सरासरी पाच वर्षांनंतर 94 टक्के मुले पारलिंगी म्हणूनच स्वतःला ओळखत होती, सुमारे 2.5 टक्के नोंदवलेल्या लिंगाकडे परतली होती आणि उरलेली दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होती. ही मुले आधीपासूनच पाठिंबा असलेल्या घरांतली होती, आणि त्याआधीच्या काही दवाखान्यांतल्या अभ्यासांत पुष्कळ मुलांची भावना वयात येताना मावळल्याचे दिसले होते. पण त्या जुन्या गटांत, आपण दुसऱ्या लिंगाचे आहोत असे कधीच न म्हटलेली मुलेही धरलेली होती. आकडे एवढ्यासाठी सांगितले की घाबरलेल्या पालकाला कोणीतरी यांतला अर्धाच भाग ऐकवत असते.

पायरी पाचवी : शाळा

शाळेत जाण्यापूर्वी मुलाबरोबर बसून कागदावर लिहावे : शाळेत काय बदलावे, कोणाला कळावे, कोणाला अजिबात कळू नये. मुलाची तयारी नसेल तर शाळेत जायचेच नाही. तयारी असेल तर सगळ्या शिक्षकांना एकदम न सांगता एक विश्वासाची व्यक्ती निवडावी, मग ती वर्गशिक्षिका असो, मुख्याध्यापक असो किंवा समुपदेशक, आणि पुढचे सगळे तिच्यामार्फत व्हावे. बोलणी झाल्यावर काय ठरले ते थोडक्यात लेखी कळवावे, कारण वर्ष बदलले की शिक्षक बदलतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. हजेरी घेताना कोणते नाव उच्चारले जाईल. दाखल्यावरचे नाव बदललेले नसले तरी बोलण्यात दुसरे वापरता येते. स्वच्छतागृह कोणते, आणि तिथे जायला वर्गासमोर परवानगी मागावी लागेल का. कार्यालयाजवळचे एकट्याने वापरता येणारे स्वच्छतागृह बहुतेक इमारतींत असते, मात्र मुलाला तिथेच जाण्याची सक्ती झाली तर तेही वेगळे पाडणेच ठरते. गणवेश आणि खेळाचे कपडे कुठे बदलायचे. आणि कोणी चिडवले तर मुलाने नेमके कोणाकडे जायचे, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणाकडे. मुलगे-मुली अशा रांगा लावणे, दोन गटांत स्पर्धा घेणे या सवयी शिक्षकाने सहज सोडून देता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

वर्गाला ‘समजावून सांगण्यासाठी’ मुलाला उभे करू नये. सदिच्छेने केलेले हे काम मी सर्वांत घातक मानतो.

पायरी सहावी : नातेवाईक आणि बाहेरचे जग

कोणाला काय माहीत आहे याची यादी पालकांनी डोक्यात पक्की ठेवावी, कारण एका घरी एक नाव आणि दुसरीकडे दुसरे असे काही काळ चालते आणि घोटाळे तिथेच होतात. आजी-आजोबांना सांगताना शास्त्रापेक्षा नाते पुढे ठेवावे : ‘तुमचे नातवंड तेच आहे, त्याला या नावाने हाक मारली की ते खूश असते, तुम्हीही मारून पाहा.’ वाद घालणाऱ्याशी वाद न घालता मर्यादा सांगावी : पटो न पटो, मुलाला टाकून बोलायचे नाही, बोललात तर आम्ही निघून जाऊ. एकदा सांगितले की तसे करावेही लागते. छायाचित्रे आणि मुलाची कहाणी समाजमाध्यमांवर टाकू नये, अभिमानानेसुद्धा. आज दहा वर्षांचे असलेले मूल विसाव्या वर्षी ती पुसू शकणार नाही.

पायरी सातवी : तज्ज्ञ आणि उपचार

वयात येण्यापूर्वी कोणतेही औषध किंवा शस्त्रक्रिया लागत नाही. या विषयात हे सर्वांत कमी माहीत असलेले तथ्य आहे. त्या वयात गरज असते ती मुलाला आणि कुटुंबाला ऐकणाऱ्या समुपदेशकाची. पहिल्या भेटीतच विचारावे : तुम्ही अशा मुलांबरोबर पूर्वी काम केले आहे का, आणि तुमच्या मते चांगला परिणाम कशाला म्हणायचे? ‘मूल पुन्हा नॉर्मल होणे’ असे उत्तर आले तर उठून यावे. ओळख बदलून टाकण्याचे तथाकथित उपचार कुचकामी आणि अपायकारक ठरले आहेत. माल्टाने 2016 मध्ये, तर कॅनडा आणि फ्रान्सने 2022 मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंदी आणली. ‘पहिल्या भेटीतच औषध सुरू करू’ असे म्हणणाऱ्यापासूनही तितकेच दूर राहावे. चांगला तज्ज्ञ नैराश्य, चिंता, खाण्याच्या तक्रारी आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचाही विचार करतो. लिंगओळखीचा प्रश्न असलेल्या मुलांत स्वमग्नता इतरांपेक्षा जास्त आढळते. मात्र ती असली म्हणून मुलाचे म्हणणे खोटे ठरत नाही.

वयात येण्याची पहिली शारीरिक चिन्हे दिसू लागल्यावर ती प्रक्रिया थोपवणारी इंजेक्शने असतात. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांसाठी ती आधीपासून वापरात आहेत. ती थांबवली की प्रक्रिया पुन्हा सुरू होते, पण हाडांच्या घनतेवर परिणाम होऊ शकतो म्हणून तपासण्या लागतात. पारलिंगी मुलांसाठी त्यांचा उपयोग कितपत करावा यावर तज्ज्ञांत खरा मतभेद आहे. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी आणि पारलिंगी आरोग्याच्या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीने काळजीपूर्वक तपासणीनंतर त्यांना जागा दिली आहे. तर इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांनी केलेल्या स्वतंत्र आढाव्याच्या, म्हणजे 2024 च्या कॅस अहवालाने त्यामागचा पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेने ही औषधे नेहमीच्या उपचारांतून काढली. फिनलंड आणि स्वीडननेही हात आखडता घेतला आहे. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : फायदा काय, धोका काय, पुढे अपत्यप्राप्तीवर काय परिणाम होईल, काहीच केले नाही तर काय होईल, आणि मध्येच थांबायचे ठरले तर कसे थांबायचे. हार्मोनच्या गोळ्या दुकानातून किंवा इंटरनेटवरून परस्पर घेतल्या जात आहेत असा संशय आला तर रागावण्याऐवजी तातडीने रक्ततपासणीची सोय करावी.

छाती सपाट दिसण्यासाठी काही मुले इलॅस्टिकची पट्टी किंवा चिकटपट्टी आवळून बांधतात. याने बरगड्यांना इजा होते आणि श्वास कोंडतो. त्यासाठी बनवलेले, मापाचे वस्त्र आणून द्यावे, ते दिवसाला जास्तीत जास्त आठ तास घालावे, झोपताना आणि व्यायाम करताना काढावे. पालकांनी हे माप घेऊन आणून दिले की मूल लपूनछपून पट्ट्या बांधत नाही.

पायरी आठवी : धोका ओळखणे

हातापायांवर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्याशिवाय तुमचे बरे होईल’ अशी वाक्ये, किंवा खूप अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली शांतता दिसली तर सरळ विचारावे : ‘तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर काही ठरवले आहे का, कसे आणि केव्हा, हे विचारावे, मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे, कीटकनाशके व धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. ओळखीचा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवावा.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 16 ते 24 वर्षांच्या पारलिंगी तरुणांच्या 2012 च्या एका पाहणीत, आईवडिलांचा भक्कम पाठिंबा असलेल्यांपैकी 4 टक्के, आणि तसा पाठिंबा नसलेल्यांपैकी 57 टक्के तरुणांनी आधीच्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले. गट लहान होता आणि अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी पालक काय करू शकतात या प्रश्नाला इतके थेट उत्तर देणारी माहिती फारशी नाही. हे आकडे पालकांना धमकावण्यासाठी किंवा औषधाला होकार मिळवण्यासाठी मात्र वापरू नयेत, कारण पाहणी पाठिंब्याविषयी होती.

पायरी नववी : पुन्हा विचारणे

दर दोन-तीन महिन्यांनी, एखाद्या निवांत वेळी, मुलाला विचारावे की चालू आहे त्यातले काय ठीक आहे, काय नको झाले आहे आणि आणखी कोणाला सांगायचे आहे का. प्रश्न तटस्थ असावा; ‘अजूनही तसेच वाटते का?’ या प्रश्नात अपेक्षित उत्तर आधीच ऐकू येते. मुलाने नाव पुन्हा बदलले, जुन्याकडे परतले किंवा मधला काही मार्ग धरला, तर त्याला ‘मग आम्ही एवढे सगळे कशासाठी केले’ असे कधीही ऐकवू नये. शाळेतल्या विश्वासाच्या व्यक्तीला नवे नाव कळवावे, कोणाला काय माहीत आहे ती यादी दुरुस्त करावी आणि हजेरीची, स्वच्छतागृहाची व्यवस्था मुलाला विचारून पुन्हा लावून घ्यावी.